उसनी कातडी

त्या मंगळवारी मी पितळी कड्या आणायला बाजारात गेले होते. बॅनरच्या कडेला भोकं पाडून दोरी ओवायला ठोकतात ना, त्या. शनिवारी आमच्या टेचिमान गावात चार दफनं होती, म्हणजे मेलेल्यांच्या फोटोंची चार मोठी बॅनर, आणि दुकानातला डबा रिकामा. हार्मटानच्या कोरड्या वाऱ्याचे दिवस होते. वाळवंटाकडून येणाऱ्या धुळीने सकाळी अकरालाच सूर्य मळक्या ताटलीसारखा झालेला. त्याच्याकडे सरळ बघितलं तरी डोळे दिपत नव्हते. मी कड्या घेतल्या, कोपऱ्यावरच्या बाईकडून आलं-मिरची लावून तळलेली केळी घेतली आणि खात खात परत आले. इतका साधा दिवस होता.

माझं दुकान पिठाच्या गिरणीला लागून आहे. पुढच्या खोलीत फोटोचा पडदा आणि माझा संगणक, मागच्या खोलीत छपाईचं मोठं मशीन. मशीन ड्वोमो चालवतो. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, तोंडाने फटकळ, हाताने मात्र सोन्यासारखा माणूस. तो दारातच उभा होता.

"मालकीणबाई, आत गिऱ्हाईक बसलंय. सिमेंटवाला."

"मग पाणी दिलंस का त्याला?"

"मी नाही देणार. मी मागे जातो. त्याच्यापेक्षा मशीनचं तोंड बरं."

सिमेंटवाला म्हणजे आसिएदू. गावातलं सिमेंटचं सगळ्यात मोठं दुकान त्याचं, चर्चमध्ये पहिल्या बाकावर जागा, लोक त्याला एल्डर, म्हणजे चर्चचा वडीलधारा, म्हणत. तीन आठवड्यांपूर्वी त्याची बायको कोनादू वारली होती. रक्तदाब वाढला, न्हाणीघरात पडली, डोकं आपटलं, असं सगळ्यांना सांगितलं होतं. आमच्याकडे देह शवागारात दोन-दोन महिने ठेवतात, लांबचे नातेवाईक येईपर्यंत. आसिएदूला मात्र शनिवारीच उरकायचं होतं. 'उरकायचं' हा त्याचाच शब्द.

तो माझ्या खुर्चीत बसला होता. खांद्यावरून काळं वस्त्र घेतलेलं, पायात नव्या काळ्या चपला.

"ऐकून वाईट वाटलं, एल्डर," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. पण वाईट वाटण्यापेक्षा निराळं काहीतरी मी तीन आठवडे गिळत होते.

"देवाची इच्छा." त्याने वस्त्रातून एक फ्रेम काढून टेबलावर ठेवली. "हाच फोटो. दहा फूट. आणि हे काढ. तुझं काम कच्चं निघालं."

त्याने काचेवर बोट ठेवलं. उजव्या हाताची तर्जनी. तिचं वरचं पेर नाही. विटा पाडायच्या यंत्रात गेलेलं, सगळ्या गावाला माहीत आहे. त्या आखूड बोटाखाली कोनादूचा चेहरा होता, दोन वर्षांपूर्वीचा, ईस्टरच्या पांढऱ्या झग्यातला. मीच काढलेला फोटो. आणि तिच्या डाव्या डोळ्याखाली जांभळट काळी चकती होती.

"ही इथे नव्हती," मी म्हटलं.

"आता आहे ना. ती होती तोवर भिंतीवर नीट होता. गेल्यावर दिसायला लागलं. शाई उडाली असेल तुझी." तो उठला. "तीनला येतो. जरा उजळ कर तिला. आणि हसू दे थोडी. लोक बघणार आहेत."

तो गेला. मी फ्रेम हातात घेऊन उभी राहिले. शाई उडाली की रंग फिका होतो. गडद होत नाही.

आता तुम्हाला एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. फोटो दुरुस्त करायचा हा प्रोग्राम मला फार आवडतो. एकोणीस वर्षांची असताना एका सायबर कॅफेत मी तो पहिल्यांदा उघडला. माझ्या आजीचा एकच फोटो घरात होता आणि त्यातला अर्धा चेहरा वाळवीने खाल्लेला. चार दिवस बसून मी उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावरून दुसरा अर्धा उभा केला. आईने तो बघितला आणि जमिनीवरच बसली. त्या दिवसापासून मी दुसरं काही शिकले नाही. लोक चर्चमध्ये जाऊन जे मिळवतात ते मला त्या पडद्यासमोर मिळायचं. त्यात एक हत्यार आहे, धड कातडीचा तुकडा उचलून खराब जागी बसवायचं. आंब्याचं कलम करतात तसं. मी त्याला कलमच म्हणते. कडा अशा जुळवायच्या की डॉक्टरलाही सांधा सापडू नये. ते जमलं की माझ्या बोटांना सुख व्हायचं. खरं सुख. माझी लाज तिथेच आहे.

कोनादू सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आली ती पासपोर्टच्या फोटोला. बाजारात ती धुरी दिलेले मासे विकायची. पण त्या दिवशी तिला माशांचा नाही, शिया बटरचा वास येत होता. मुक्या मारावर आमच्याकडे चोळतात ते बियांचं लोणी, गालावर चोळलेलं. खाली सूज.

"ताई, दारावर आपटले," ती म्हणाली. "फोटोत जरा ठीक करता का?"

दाराला बोटं नसतात. मला दिसत होतं. मी विचारलं नाही. उजव्या गालाची कातडी उचलली, डाव्या गालावर बसवली, कडा मिटवल्या, आणि पडदा तिच्याकडे वळवला. तिने पडद्यावरच्या गालावर बोट टेकवलं.

"बघा," ती हळूच म्हणाली, "म्हणजे झालंच नाही."

मग ती येतच राहिली. मुलीच्या बारशाचा फोटो, फाटलेला ओठ. मासेविक्रेत्या बायकांच्या संघाचा फोटो, कानाशी रेघ. ईस्टरचा तर हाच, टेबलावर पडलेला. दर वेळी शिया बटरचा वास, दर वेळी दार नाहीतर पायरी नाहीतर बकरीची धडक. सहाव्या वेळेला तिच्या चेहऱ्यावर उसनी घ्यायलाही पुरेशी धड कातडी उरली नव्हती. मी काय केलं सांगू? तिचा तीन वर्षांपूर्वीचा फोटो काढला आणि त्यातली कातडी उचलून बसवली. आणि इतकी खूश झाले मी स्वतःवर, की ड्वोमोला बोलावून दाखवलं.

त्याने बघितलं. मग म्हणाला, "तू तिला बरं करत नाहीस, बाई. त्याला करतेस."

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. सातव्या वेळेला कोनादू आली तेव्हा त्याला मुद्दाम बाजारात धाडलं.

असो. त्या मंगळवारी मी संगणकावर ईस्टरची फाइल उघडली. छापलेल्या फोटोवर डाग पडला असेल, फाइल साफ असणार, असं वाटत होतं.

डोळ्याखालची चकती फाइलमध्येही होती.

मी तारीख बघितली. दोन वर्षांपूर्वी बंद केलेली फाइल. तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही. मनात म्हटलं, चुकून आधीची राहिली असेल. कलम घेतलं, उजव्या गालावरून तुकडा उचलला, चकती झाकली. दोन मिनिटांचं काम. साठवलं. पाणी प्यायला उठले, परत बसले.

चकती परत आली होती. आणि ओठाच्या कोपऱ्यात चीर.

ती चीर या फोटोतली नव्हती. ती बारशाच्या फोटोतली होती. चार वर्षांपूर्वी मी स्वतः शिवलेली. मला तिचा आकार पाठ होता. आपण शिवलेलं शिंप्याला आठवतं तसं. मी दोन्ही झाकलं. साठवलं. या वेळी उठले नाही, पडद्यावरून नजर हलवली नाही. काहीच हललं नाही. फक्त एकदा पापणी मिटली असेल माझी… उघडली तेव्हा चकती होती, चीर होती, आणि कानाशी रेघ.

शेजारची गिरणी बंद पडली. दिवसभर तिची घरघर कानात असते, ती असते हे आपण विसरूनच जातो. थांबली की कळतं. दारातून धुळकट उजेड येत होता. रस्त्यावर माणसं चालत होती, पण त्यांच्या पावलांचा आवाज येईना. आणि मग वास आला. आधी अगदी मंद, मग दाट… शिया बटर. माझ्या उजव्या खांद्यामागून. गिऱ्हाईक मागे उभं राहून वाकून पडद्यात बघतं ना, बरोबर तिथून.

मी मागे बघितलं नाही. खोटं कशाला सांगू, बघवलं नाही.

"ड्वोमो," मी हाक मारली. "ड्वोमो, इकडे ये."

तो हात पुसत आला, माझ्या शेजारी उभा राहिला. एकदा नाकाने हवा ओढली, मग पडद्याकडे बघत राहिला. कपाळ, डोळा, दोन्ही गाल, ओठ, कान, हनुवटी. तोवर सगळ्या खुणा आल्या होत्या.

"सात," तो म्हणाला. "तू पुसलेल्या सगळ्या."

"मी आता नाही केलं हे. शपथ."

"मला माहीत आहे. तुझा हात माउसवर नाहीये."

नव्हता. माझे दोन्ही हात मांडीवर होते. आणि आम्ही दोघं बघत असताना आठवी खूण उमटली. जुन्या काळी काळोख्या खोलीत, पाण्यात बुडवलेल्या कागदावर फोटो उमटायचा, तशी. हळूहळू, खालून वर, पांढऱ्या झग्याच्या गळ्यापाशी. आधी धूसर, मग करडी, मग काळीनिळी. गळ्याच्या एका बाजूला अंगठा. दुसऱ्या बाजूला चार बोटं. तीन लांब… आणि एक आखूड.

"ड्वोमो… ही मी कधी पुसली नाही."

"कशी पुसशील?" तो कुजबुजला. "हे झालं तेव्हा तिला तुझ्यापर्यंत येताच आलं नाही."

मला भीती वाटली होती. अजून वाटते. पण त्या क्षणी भीतीच्या वर राग चढला. तीन आठवडे गिळत होते ते हेच. ती सात वेळा माझ्याकडे आली होती. सात वेळा त्या खुर्चीत बसली, चेहरा वर केला, मला दाखवला. गावात दुसऱ्या कुणाला दाखवला नसेल. आणि मी काय दिलं तिला? साफसूफ फोटो.

तीनला आसिएदू आला. ड्वोमो मागच्या खोलीत गेला, पण दार उघडं ठेवलं.

"झालं?"

"बघा ना," मी म्हटलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

त्याने बघितलं. मी त्याच्याकडे बघत होते. कपाळावर घाम नाही, ओठ थरथरले नाहीत, काही नाही. नजर गळ्यापर्यंत आली तेव्हा त्याचा उजवा हात टेबलावरून उठला आणि वस्त्राच्या आत गेला. एवढंच.

"पूस ते."

"पुसलं जात नाहीये, एल्डर."

"तुला येतं. सात वेळा पुसलंस तू."

मला आकडा कळायला क्षण लागला.

"तुम्हाला कुणी सांगितलं सात वेळा?"

तो जरासा हसला. अडाणी माणसाला समजावतात तसा बोलला. "बिरागो, तिला इथे कोण पाठवायचं असं वाटतं तुला? मीच म्हणायचो, जा, बिरागोकडे जाऊन ये. तिचा हात चांगला आहे. चर्चमधल्या लोकांना फोटो द्यायचा असायचा. तूही घरातलीच म्हणायची आमच्या."

मी आयुष्यात कुणाला मारलेलं नाही. पण त्या वेळी टेबलावर कड्या ठोकायची हातोडी होती आणि मी ती उचलली नाही, याचं श्रेय मला नको, ड्वोमोला द्या. तो दारात येऊन उभा राहिला होता आणि मान हलवत होता, नको, नको.

"मी हे पुसणार नाही," मी म्हटलं. "असाच छापणार. दहा फूट. तिच्या आंत्वी मामाच्या दारात टांगणार."

"टांग." त्याचा आवाज जराही चढला नाही. "कोण विश्वास ठेवेल? काळ्याचं गोरं करणारी बाई तू. मेलेल्यांना हसवणारी. सगळं गाव म्हणेल, बिरागोने रंगवलं. मीच पोलिसात जाईन की, माझ्या मेलेल्या बायकोची विटंबना केली म्हणून."

खरं होतं. तेच मला जास्त झोंबलं. इतकी वर्षं मी खोटं इतकं सुंदर केलं होतं, की माझ्या हातून निघालेलं खरं कुणी घेणार नव्हतं.

मग तो भिंतीपाशी गेला आणि वीज बंद करायचा मुख्य खटका खाली ओढला. पंखा गरगरत मंदावला. पडदा काळा झाला. मागच्या खोलीतला दिवा गेला.

"उद्या दुसरा फोटो पाठवतो," तो म्हणाला. "आणि ते सगळं—"

तो थांबला. आम्ही तिघंही थांबलो. मागच्या खोलीत मशीन सुरू झालं होतं.

तो आवाज मी झोपेतही ओळखते. शाईचं डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. खर्र… खर्र… दुकानात वीज नव्हती. पंख्याचं पातं पूर्ण थांबलं होतं. आणि खर्र… खर्र… एका लयीत, घाई नाही.

"मी काही पाठवलेलं नाही," ड्वोमो म्हणाला. तो दारातून बाजूला सरकला, भिंतीला पाठ लावून.

आसिएदू स्वतः आत गेला. मी त्याच्या मागे. मशीनवर एकही दिवा लागलेला नव्हता. तरी पुढून बॅनर खाली उतरत होतं, ओलं, चकाकतं. आधी कपाळ आलं, माझ्या दोन हातांएवढं रुंद. मग भुवई. मग डोळे. फोटोत कोनादू कॅमेऱ्याकडे बघत होती, मी काढलाय तो फोटो, मला माहीत आहे. बॅनरवर तिची नजर जरा डावीकडे होती. तो उभा होता तिकडे.

ओठ आले. हनुवटी आली. गळा येऊ लागला तेव्हा आसिएदू पुढे झाला आणि त्याने दोन्ही हातांनी बॅनर धरून ओढलं. ओलं होतं, हातातून निसटलं. तो मागे धडपडला, स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं. शाई लागली होती. तो आमच्या दोघांच्या मधून बाहेर गेला, चपला दारातच राहिल्या. मशीनने शेवटची ओळ पूर्ण केली आणि थांबलं. शेजारची गिरणी पुन्हा घरघरू लागली.

ड्वोमो खाली बसला. बॅनरच्या कडेला बोट लावून म्हणाला, "वाळायला अर्धा तास लागेल."

अर्ध्या तासाने आम्ही ते गुंडाळून तीनचाकीत घातलं आणि आंत्वी मामाकडे गेलो. कोनादूच्या आईचा भाऊ. आमच्यात माणूस आईच्या घराण्याचा असतो. नवरा शवपेटी आणतो, पण देहाबद्दलचा शेवटचा शब्द मामाचा. सत्तरीचा म्हातारा, अंगणात दुखवट्याच्या लाल-काळ्या कपड्यांत बसला होता, शेजारी कोनादूची आई. आम्ही बॅनर जमिनीवर पसरलं.

आईने एकदा बघितलं आणि तोंडावर कापड ओढलं. मामा काठी टेकत बॅनरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला. परत आला.

"हे तू रंगवलंस?"

"नाही, मामा."

"तू रंगवतेस. माझ्या बहिणीच्या नवऱ्याला तू दात बसवले होतेस फोटोत."

"हो. पण हे नाही रंगवलं. उलट… यातल्या सात खुणा मी पुसलेल्या आहेत." आणि मग मी सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून. दार, पायरी, बकरी. उसनी कातडी. ड्वोमो खाली मान घालून उभा होता.

मामा ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "सहा वर्षं. माझं घर तुझ्या दुकानापासून किती लांब आहे?"

"चालत दहा मिनिटं."

"आणि तुला एकदाही इकडे यावंसं वाटलं नाही."

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याने दिली नाही.

"फोटो खोटा असू शकतो," तो शेवटी उठत म्हणाला. "देह खोटं बोलत नाही. तीन आठवडे तो म्हणतोय, देह बघू नका, बघवणार नाही. आणि आम्ही ऐकलं. आमचंही चुकलंच. चल, ताई," तो बहिणीला म्हणाला, "आपली पोर आपण बघून येऊ."

शवागारात मी आत गेले नाही. बाहेर बाकावर बसले. नवऱ्याने पाठवलेला झगा तिला आधीच घातलेला होता, उंच लेसच्या गळ्याचा. तो आईने स्वतःच्या हाताने सोडला, असं मामाने नंतर सांगितलं. आतून रडण्याचा आवाज आला नाही. मग मामा दारात आला.

"गळ्यावरची बोटं मोजली," तो म्हणाला. "एक आखूड आहे."

शनिवारचं दफन झालं नाही. मामाने देह दिला नाही, डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली, पोलीस गुरुवारी आसिएदूच्या दुकानात गेले. तो हात धूत होता म्हणे. दोन दिवस धूत होता, शाई जात नव्हती. खटला अजून चालू आहे, दर वेळी पुढची तारीख. बॅनर कोर्टात कुणी उघडलंही नाही; वकील म्हणाले, फोटोवाल्या बाईचं चित्र, तो कसला पुरावा? बरोबर आहे. साक्ष तिच्या देहाने दिली. चर्चमध्ये दर रविवारी एल्डर आसिएदूसाठी प्रार्थना होते, निरपराध माणूस तुरुंगात आहे म्हणून. कोनादूसाठी झाली ती एकदाच, दीड महिन्याने तिला पुरलं त्या दिवशी. काही बायका अजून मला रस्त्यात बघून दुसरीकडे वळतात. चांगल्या घराचं नाव घालवलं म्हणे मी. घर. त्या शब्दाचाच आता राग येतो.

मी काम सोडलं नाही. दुसरं काही येत नाही मला, आणि खरं सांगायचं तर अजूनही तितकंच आवडतं. मुरूम काढते, फाटलेले फोटो जोडते, मेलेल्या म्हाताऱ्यांना दात देते. पण तसली खूण घेऊन कुणी आली तर आधी विचारते, कुणी मारलं? काहीजणी उठून निघून जातात. दोघी बसल्या, बोलल्या, त्यांना मी हाताला धरून त्यांच्या मामांकडे नेलं.

गेल्या आठवड्यात एक मुलगी आली. पोकुआ नाव, नर्सिंगला आहे, लग्नपत्रिकेवर फोटो हवा होता. होणारा नवरा बरोबर, तिची पर्स धरून उभा, हसतमुख. तिचा चेहरा इतका नितळ की माझ्या हाताला कामच नव्हतं. फोटो काढला, संगणकावर उघडला. तिच्या डाव्या गालावर निळी सूज होती.

मी वर बघितलं. गाल साफ. कॅमेऱ्याची काच पुसली, पुन्हा काढला. सूज तिथेच, आणि आता एक डोळाही अर्धा मिटलेला. खोलीत कसलाही वास नव्हता. गिरणी चालू होती.

त्या मुलाला मी थंड पाणी आणायला पाठवलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. तिने गालाला हात लावून बघितलं. मग पडद्याजवळ वाकली.

"ताई, हा माझाच फोटो आहे?"

"आता काढला ना तुझ्यासमोर."

"पण हा झगा माझा नाहीये." ती अजून जवळ गेली. "आणि हे कानातलं… कधीचा आहे हा?"

प्रत्येक फोटोच्या आत कॅमेरा स्वतःहून तारीख लिहून ठेवतो. ती माणसाला लिहावी लागत नाही. मी फाइलवर टिचकी मारून बघितली. दिवस होता, महिना होता, वेळ होती, दुपारची. वर्ष पुढचं होतं.